मागची सीट नसलेली गाडी

ज्यांना गाडी लागत नाही त्यांना तो त्रास वाटतच नाही, गंमत वाटते. आमच्या घरात गंमत वाटणारी माणसं भरपूर होती आणि गाडी लागणारी एकच, माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. तर आत्यांना एसटी लागते, जीप लागते, भाड्याची मोटार तर बघूनच लागते. प्रवास ठरला की आदल्या दिवसापासून त्यांचं जेवण बंद. मग लिंबू, आवळासुपारी, नाकाशी धरायला फोडलेला कांदा, पदराखाली पोटावर वर्तमानपत्राची घडी, कुणी जे सांगेल ते. एवढं सगळं करून सोलापूर सोडून मोहोळ यायच्या आत पिशवी लागायचीच. ती पिशवी धरायचं काम लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याकडं होतं.

आत्यांच्या माहेरचं आता एकच माणूस उरलंय, त्यांची थोरली बहीण, माझ्या नवऱ्याची मावशी. दोघी मंद्रूपच्या बाजूला मेंढरांच्या मागं चालत वाढल्या. चालायला सांगा, दिवसभर चालतील. पण थोरलीला दिलं पार उजनी धरणाकाठच्या गावात, तिकडं चालत कसं जाणार? वर्षातून एकदा आत्या बहिणीला भेटायला जायच्या. मी बऱ्याचदा बरोबर असायचे, त्यामुळं ती भेट कशी व्हायची ते मला पाठ आहे. आत्या गाडीतून उतरायच्या त्या पांढऱ्याफटक होऊन. मावशी त्यांना धरून आत न्यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि धाकटीचं डोकं मांडीवर घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत आत्यांचे डोळे मिटलेले. जरा बरं वाटून भाकरीचा तुकडा तोडला की दुसऱ्या दिवशीच्या परतीची धास्ती सुरू. वर्षभराचं बोलणं साठवून गेलेली बाई न बोलताच परत यायची.

शेवटी मावशीच म्हणाल्या, "तू नगं येऊ गं. मीच येत जाईन." मग त्याच यायला लागल्या, एसटीनं, पिशवीत केळी घेऊन. दारातूनच हाक मारायच्या. दोघी स्वयंपाकघरात बसून एवढ्या बोलायच्या की मला फोडणीचा आवाज ऐकू यायचा नाही.

आणि मग मावशी अंगणात पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या काही उठल्या नाहीत, खाटेलाच खिळल्या. हळूहळू बोलण्यात फरक पडायला लागला. एकदा माझ्या नवऱ्याला त्यांनी फोनवर त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. आत्यांना मात्र आवाजावरून लगेच ओळखायच्या, आणि दर वेळी एकच बोलायच्या, "ये की गं एकदा. माज्यानं आता न्हाय येवत."

"येते आक्का," आत्या म्हणायच्या, आणि फोन ठेवून शेंगा फोडत बसायच्या. घरात शेंगा नसल्या तर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. ते मला बघवेना. नवऱ्यालाही बघवेना. आपली स्वतःची, चांगली गाडी घ्यायची, हळू चालवायची, वाटेत हवं तिथं थांबायचं आणि आईला बहिणीकडं न्यायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. एवढ्यावर आमचं एकमत झालं. त्यापुढं एकमत म्हणून काही राहिलं नाही.

आमचं सोलापुरात पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भुसा, कोंबड्यांचं खाद्य. गल्ल्यावर मी बसते. तिथून कोण कशातून उतरतं ते दिसतं, आणि माझा स्वभाव असा की दिसलं की मत झालंच. एक गिऱ्हाईक आहे, भली थोरली पांढरी गाडी दुकानासमोर आडवी लावतं, निम्मा रस्ता अडवतं आणि आत येऊन कोंबड्यांसाठी दोन किलो खाद्य मागतं. त्या माणसावर मी बरेच दिवस दात खाऊन होते. एकदा बोललेच, एवढ्याशा पिशवीला एवढी गाडी कशाला? तो हसला. म्हणाला, शाळेत असताना गावाहून दुधाच्या टेम्पोत मागं कॅनवर बसून यायचो, वर्गात पोचेपर्यंत शर्ट मातीच्या रंगाचा व्हायचा आणि पोरं नाकं मुरडायची. "आता वर बसतो वैनी. धुरळा खाली ऱ्हातो." त्यानंतर त्याची गाडी आडवी लागली तरी माझं तोंड जरा कमी चालतं.

दुसरा अकलूजकडचा मोठा बागायतदार. दारात ट्रॅक्टर उभे आहेत, ऊस आहे, पण येतो एवढ्याशा गाडीतून, गुडघे पोटाशी घेऊन. त्यालाही मी सोडलं नाही. तो म्हणाला, "मोठी घेतली की समदं गाव बसतंय वैनी. लग्नाला न्या, बाजारला सोडा, पावन्याला आणा. मला न्हाय म्हनायला जमत न्हाय. मग ही म्हनती माज्यावतीनं." आणि त्यानं त्या बिचाऱ्या गाडीच्या टपावर थाप मारली.

लोक गाडी घेताना ॲव्हरेज विचारतात, पण आत कुठंतरी जुनं दुखणं असतं, त्याला मलम म्हणून गाडी घेतात असं माझं मत झालंय. माझ्या नवऱ्याचं दुखणं मंगल कार्यालयाच्या फाटकाशी होतं. लग्नाला गेलं की फाटकावर शिट्टीवाला उभा असतो. मोठी गाडी आली की तो दोन्ही हातांनी आत बोलावतो, आणि मोटारसायकल दिसली की लांबूनच, "भाईर लावा, भाईर." आम्ही जन्मभर भाईर लावली. मी शालू सावरत, हा हातात आहेराची पिशवी घेऊन, खडीवरून चालत आत. दर वेळी हा शिट्टीवाल्याकडं वळून बघायचा. त्याला मोठी, उंच, काळी गाडी हवी होती. कारण म्हणून सांगायचा आईचं नाव. म्हणे, मोठ्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही.

मला लहान गाडी हवी होती. आमच्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरून मागं घ्यावी लागते. शिवाय मी क्लास लावून गाडी शिकले होते. मला माझी, मला वळवता येईल अशी, लाल गाडी हवी होती, म्हणजे माहेरी जायला कुणाची मनधरणी नको. मीही कारण म्हणून आत्यांचंच नाव सांगायचे. लहान गाडी जमिनीलगत असते, हेलकावे कमी. गाडी आत्यांसाठी घ्यायची होती आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या आपल्या शेंगा फोडत आमचं भांडण ऐकायच्या.

अशात एक दिवस मंद्रूपला जाणं झालं. तिथं माझा दीर शेती आणि शेळ्यामेंढ्या सांभाळतो. त्याच्याकडं शेळ्या व्यायल्या होत्या आणि आत्यांना करडं बघायची होती. एसटीची वाट बघून आम्ही दोघी कंटाळून दुकानात परत आलो, तर आमचा माल पोचवणारे चाचा पिकअपमध्ये पेंडीची पोती भरत होते. चाचांच्या घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आमच्याशी जे तोंडात येईल ते. म्हणाले, "अम्मा, चलो ना. मैं उधरीच जारा. मंद्रूपका बाजार हाय आज."

चाचा स्टेअरिंगवर, मी मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत, आणि आत्या खिडकीशी. पिशवी मी उघडून तयारच ठेवली होती. हत्तूर गेलं, वडकबाळचा पूल गेला. आत्या काचेतून बघत बोलत होत्या. "ती मेंढरं कुनाची म्हनायची? लई वाळल्यात गं. कांदा बग कसला आलाय." मी नुसतं हं हं करत होते, माझं लक्ष पिशवीकडं. मंद्रूप आलं, आत्या उतरल्या, पदर झटकला आणि बाजारात शिरून म्हणाल्या, "भजी घे की. भूक लागली."

मी पिशवीत बघितलं. कोरडी. लिंबूसुद्धा कापलेलं नव्हतं. मी तिथंच बाजारात उभी राहून नवऱ्याला फोन लावला. तोही चकित. आणि मग आम्ही दोघांनी मिळून जो शोध लावला तो फक्त आमच्यासारख्या पेंडवाल्यांनाच लागू शकतो. आम्ही ठरवलं की हा पेंडीच्या वासाचा गुण. मागं पोती होती, वास दरवळत होता, आत्यांचा सगळा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेला, त्या वासानं त्यांचं पोट शांत राहिलं. यात आम्हाला काडीची शंका वाटली नाही.

म्हणून मोठ्या गाडीची चक्कर मारून बघायला शोरूमला गेलो तेव्हा आत्यांच्या मांडीवर सरकी पेंडीची पिशवी होती, दोन किलोची, तोंड उघडं ठेवलेली. शोरूमच्या टायवाल्या माणसानं आधी पिशवीकडं बघितलं, मग नव्याकोऱ्या सीटकडं. "हे काय आहे?"

"औषध," नवरा म्हणाला.

नवरा चालवायला बसला, टायवाला त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागं. गाडी खरंच छान होती. आवाज नाही, धक्का नाही, काचा बंद, गार हवा. होटगी रस्त्याला लागलो न लागलो तोच आत्यांनी माझा हात घट्ट धरला. पेंडीच्या पिशवीचा तेवढा तरी उपयोग झाला. टायवाला फार सभ्य माणूस, "असू द्या, असू द्या" म्हणाला, पण परत येईपर्यंत त्यानं आपल्या बाजूची काच खाली करून डोकं बाहेर ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात माझी लाल गाडी बघायला गेलो. तिथंही तेच. नवऱ्याला मनातून थोडं बरं वाटलं असणार.

त्यानंतर आत्या गाडीचं नावच काढू देईनात. मावशींचा फोन आला की "येते आक्का" म्हणायचा आवाज बारीक झाला होता. मावशींच्या सुनेनं एकदा मला वेगळा फोन करून सांगितलं, "वैनी, जेवत न्हाईत नीट. आनायचं आसंल तर लौकर आना." मी ते आत्यांना सांगितलं नाही. पण मी फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी दुसरीकडं बघितलं, त्यात सांगायचं राहिलं काय?

मी गल्ल्यावर बसले होते. समोर चाचांचा पिकअप उभा होता, आत तीन हमाल शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. मी बघत राहिले. एकच ओळ. या गाडीला बसायची एकच ओळ असते. मंद्रूपला जाताना आत्या पुढं बसल्या होत्या, समोर रस्ता दिसत होता. आणि त्याआधी? मी आठवत गेले. पुढची सीट मामंजींची. मामंजी गेल्यावर जावयाची, नाहीतर दिराची, कुणीच नसलं तर कुणा पाहुण्याची. भाड्याच्या गाडीत परक्या ड्रायव्हरशेजारी तर बाईनं बसायचा प्रश्नच नाही, आणि एसटीत मधल्या बाकावर, गर्दीत. एवढ्या वर्षांत लिंबू झालं, कांदा झाला, वर्तमानपत्र झालं, पेंडसुद्धा झाली, पण या बाईला पुढं बसवून बघू हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मागं बसून मामंजींच्या टोपीशिवाय तिला काही दिसत नव्हतं.

घरी जाऊन मी सांगितलं, आत्या, आता पुढं बसायचं. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांना धोतर नेसायला सांगितलंय. "पुढं? ती बाप्यामानसाची जागा. लोक काय म्हनतील?" मी चिडले. म्हटलं, लोक काय पिशवी धरायला येतात? पिशवी मी धरते. नवऱ्यानं एका मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही दोघांनी जवळजवळ उचलूनच त्यांना पुढं बसवलं. त्या बसल्या, पण अंग चोरून, दाराला चिकटून, पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून. समोर रस्ता होता तो त्यांनी बघितलाच नाही. शहराबाहेर पडतो न पडतो तोच गाडी थांबवावी लागली.

रस्त्याच्या कडेला त्या दगडावर बसल्या. मी मागून पाठ चोळत होते. त्या पुटपुटल्या, "तुजे मामंजी बसायचे गं तितं. माज्यानं न्हाय हुयाचं." माझा सगळा राग जागच्या जागी उतरला. त्या जागेवर बसणं म्हणजे त्यांच्यासाठी त्या माणसाला उठवणं होतं, आणि ते कळायला मला त्या दगडापर्यंत यावं लागलं.

नवरा आईला चूळ भरायला पाणी देत होता. तांब्या रिकामा झाल्यावर त्यानं तो शांतपणे झटकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "पिकअप घेऊ."

"पिकअप?"

"हिला पुढं बसायचं न्हाय ना? मग जिला मागची सीटच न्हाय अशी गाडी घेऊ. तितं पुढची जागा आन मागची जागा असं काय नसतंच."

मी उगीच विचारलं, "आणि मंगल कार्यालय?"

"भाईर लावू," तो म्हणाला. "आजवर लावलीच की."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी तो मला जेवढा आवडला तेवढा क्वचितच आवडला असेल. माझी लाल गाडी मी तिथंच त्या दगडावर ठेवून आले.

पिकअप आला. दुकानालाही तो लागणारच होता, असं आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली, त्यातलं एक आत्यांनी उचलून कनवटीला लावलं. असू दे म्हटलं. चढायला उंच पडतं म्हणून दुकानातला लाकडी पाट बरोबर घेतला. मावशींच्या म्हशीसाठी मागं पेंडीची दोन पोती टाकली, रिकाम्या हातानं कसं जायचं? नवरा स्टेअरिंगवर, मी मध्ये, आत्या खिडकीशी. बसताना त्यांनी मागं वळून बघितलं. मागं पत्रा होता. "समदी हितंच बसत्यात व्हय?" त्यांनी विचारलं, आणि सैल होऊन बसल्या.

मोहोळ गेलं. माझ्या मांडीवरची पिशवी कोरडीच होती. आत्या काचेबाहेर बघत होत्या, ऊस आला, केळीच्या बागा आल्या. टेंभुर्णी सोडून आत वळल्यावर लांब पाणी चमकायला लागलं, काठाकाठानं पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप दिसायला लागले. "एवडं पानी?" आत्या म्हणाल्या. "आन हे कदी झालं?" नवरा आणि मी एकमेकांकडं बघितलं. त्या इतक्या वेळा या रस्त्यानं आल्या होत्या आणि बहिणीच्या गावचं पाणी त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

दारात पिकअप थांबला. मी पाट खाली ठेवला. आत्या उतरल्या, पदर नीट केला आणि मी हात पुढं करायच्या आत चालायला लागल्या. पडवीत मावशींची खाट होती. मावशी केवढ्याशा झाल्या होत्या. खाटेशेजारी जमिनीवर गोधडी अंथरलेली होती, वर उशी, बाजूला पाण्याचा तांब्या आणि वाटीत कापलेलं लिंबू. सून म्हणाली, सकाळपासून मागं लागून त्यांनीच सगळं मांडून घेतलंय.

"आली का गं?" मावशी म्हणाल्या. "पड आदी. जरा पड. मग बोलू."

"मला काय न्हाय झालं आक्का. मी वाट बगत आले समदी."

मावशींना ते खरं वाटेना. त्यांनी हात लांब करून आत्यांचा गाल चाचपला, कपाळ चाचपलं, गार नव्हतं. मग पुन्हा गोधडीकडं बोट केलं, "पड की."

आत्या गोधडी ओलांडून खाटेवर चढून बसल्या. त्यांनी मावशींचं डोकं हलकेच उचलून मांडीवर घेतलं, केस मागं सारले.

"आता तू पड आक्का," त्या म्हणाल्या. "मी जागी हाय."